मित्राचे सुतक



स्मृतिव्याख्यानाचा आपल्याकडील रिवाज असा आहे की, ज्या पुरुषाचे नाव एखाद्या रस्त्याला, वाचनालयाला किंवा निदान एखाद्या फिरत्या ढालीला लाभले आहे, अशाच पुरुषाच्या कर्तृत्वाचा आलेख वक्त्याने श्रोत्यांपुढे मांडावा, आणि तो मांडता मांडता दिवंगताच्या सद्गुणांचा काही अंश आपल्याही अंगी उतरला आहे असे विनयपूर्वक सूचित करून खाली बसावे. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याच्या नावाची कोनशिला कोठेही नाही. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. कित्येक मराठी ग्रंथ त्याच्या नजरेखालून निर्दोष होऊन बाहेर पडले आणि त्यांपैकी एकाही ग्रंथावर त्याचे नाव नाही. तो ऑटिस्टिक होता, म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्न म्हणतो तसा होता. आणि वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्याने आत्महत्या केली. त्याचे नाव मी घेणार नाही, कारण घरच्यांची तशी इच्छा आहे. तो कसा गेला हेही सांगणार नाही. कारण ते ऐकण्याची जी उत्सुकता माणसांच्या चेहऱ्यावर उमटते तिला खाद्य पुरविल्याने कोणाचे कल्याण झालेले मी पाहिलेले नाही, आणि आधीच खचलेल्या मनावर अशा तपशिलाचा विपरीत परिणाम होतो याविषयी या विषयातील जाणकारांत आता मतभेद उरलेला नाही.

मला बोलावयाचे आहे ते शोकाविषयी. अशा माणसाच्या बाबतीत आपला समाज शोकाचा क्रमच उलटा लावतो, असे माझे म्हणणे आहे. तो जिवंत असतो, तेव्हा त्याच्यासाठी रडतो. आणि तो जातो, तेव्हा सुटला म्हणून निःश्वास सोडतो.

पहिल्या अर्ध्या भागाविषयी माझ्या आधी, आणि माझ्याहून अधिक अधिकाराने, बोलून झालेले आहे. १९९३ साली कॅनडात टोरांटो येथे ऑटिझमविषयक एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तीत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना उद्देशून एक भाषण केले, आणि ते पुढे, आमच्यासाठी शोक करू नका, अशा आशयाच्या शीर्षकाने प्रसिद्ध होऊन जगभर वाचले गेले. त्या भाषणाचा मथितार्थ असा की, आईबापांनी मनात रंगविलेले मूल जन्मालाच आले नाही याचे दुःख त्यांना होणे स्वाभाविक आहे, त्यांनी ते भोगून संपवावे. परंतु त्या दुःखाचा भार जे मूल प्रत्यक्ष जन्माला आले आहे, समोर जिवंत उभे आहे आणि आपल्या परीने त्यांची वाट पाहत आहे, त्याच्या डोक्यावर ठेवू नये. माझ्या मित्राने हे भाषण चाळिशीनंतर वाचले. वाचून झाल्यावर त्याने मला सांगितले, की लहानपणी घरात कोणी पाहुणा आला की त्याची आई पदर डोळ्यांना लावून त्याच्याविषयी बोलत असे, आणि तो शेजारच्या खोलीत बसून विचार करीत असे, की मी मेलो आहे हे मला कोणी कळविले कसे नाही.

चाळिशीनंतर वाचले याचेही एक कारण आहे. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९२५च्या सुमारास अशा मुलांचे वर्णन केले होते, पण ते विस्मृतीत गेले. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या हकिकतींवरून या अवस्थेला स्वतंत्र ओळख दिली, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्परगर यांनी बोलक्या आणि बुद्धिमान, परंतु लोकव्यवहारात अडखळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. पण तो निबंध जर्मन भाषेत असल्यामुळे, लंडनच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ साली त्याकडे लक्ष वेधीपर्यंत, इंग्रजी जाणणारे वैद्यकविश्व त्यापासून जवळजवळ अनभिज्ञ राहिले. मधल्या काळात आईबापांच्या, त्यातही आईच्या, थंडपणामुळे मूल असे होते, असा एक क्रूर सिद्धांत अमेरिकेत बोकाळला होता, आणि बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली त्याचे खंडन केल्यानंतरही तो बराच काळ तग धरून राहिला. आपल्याकडे १९९५च्या अपंगविषयक कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. तो १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आला, आणि हक्कांच्या दृष्टीने त्याला पुरते स्थान मिळाले ते २०१६च्या अधिनियमात. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या, वर्गात पहिला येणाऱ्या, परंतु मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खाणाऱ्या मराठी मुलाला मास्तरांपाशी एककल्ली, हट्टी आणि शिष्ट ही तीनच नावे उपलब्ध होती. पुढे बहिणीच्या मुलाला निदानासाठी नेले असता डॉक्टरबाई भाच्याकडे पाहता पाहता मामाकडे अधिक पाहू लागल्या, आणि अशा आडवाटेने माझ्या मित्राला स्वतःची ओळख पटली. ती पटल्यावर त्याला दुःख झाले नाही. फार वर्षे प्रलंबित असलेल्या दाव्याचा निकाल लागावा तशी त्याची मुद्रा झाली होती.

आता दुसरा अर्धा भाग. त्याच्या घरी भेटावयास आलेली माणसे भली होती, हे मी प्रथम नमूद करतो. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याच्या वृद्ध मातेचे सांत्वन, बिचारा सुटला, याच शब्दांनी केले. यात दुष्टावा नव्हता. परंतु कशापासून सुटला, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नसते. कर्करोगाने तळमळणारा रुग्ण सुटतो, तेव्हा वेदनेपासून सुटतो, हे सर्वांस दिसते. हा मनुष्य सकाळी वेळेवर कामावर जात होता, संध्याकाळी जुन्या बाजारात पुस्तके धुंडाळीत होता, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरातील ठसे व इतर छापखान्यांचे ठसे यांतला भेद पान पाहताक्षणी सांगत होता. ज्यापासून तो सुटला असे त्यांना अभिप्रेत होते ते त्याचे असणेच होते. त्याचे जिणे हीच एक व्याधी होती, असे त्यांनी न बोलता गृहीत धरले होते.

या गृहीतकृत्याचा इतिहास निष्पाप नाही. ज्या व्हिएन्नात ॲस्परगर यांनी आपला निबंध लिहिला, त्याच शहरातील आम् श्पीगेलग्रुंड नावाच्या संस्थेत नाझी राजवटीत ७८९ मुले मृत्यू पावली. जगण्यास अपात्र ठरविलेल्या मुलांना तेथे मारले जात असे, आणि त्या संहाराला दयेचा मुलामा दिला जात असे. ॲस्परगर यांनी स्वतः काही मुलांना त्या संस्थेकडे पाठविले होते, हे हेरविग चेक या इतिहासकाराने २०१८ साली जुन्या दप्तरांतील कागदांच्या आधारे दाखवून दिले. आमच्या चाळीतील शेजारणींची आणि त्या मारेकऱ्यांची मी तुलना करीत आहे असा समज कृपा करून करून घेऊ नका. तो घोर अन्याय होईल. मला एवढेच सुचवावयाचे आहे की, दुसऱ्याचे आयुष्य हे मुळातच ओझे आहे, अशी समजूत एकदा मनात रुजली की दया आणि निर्दयता यांच्यामधले अंतर फार कमी उरते, आणि ज्याच्याविषयी ही समजूत असते त्याला ती जिवंतपणी ऐकू येत असते. तिचा त्याच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचा विचार आपण ती बोलताना करीत नाही.

स्वमग्न माणसाला भावना नसतात, किंवा दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, हा प्रवाद आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि सुशिक्षितांनी तो अधिक आत्मविश्वासाने पसरविला आहे. माझी आई गेली त्या वेळची गोष्ट सांगतो. त्याने त्या रात्री मला विचारले, ‘उद्या तुझ्याकडे आलो तर काय बोलायचे असते?’ मी म्हणालो, ‘अरे, काही बोलू नकोस, नुसता ये.’ दुसऱ्या दिवशी तो आला आणि खरोखरच काही बोलला नाही. येणारेजाणारे आपापली ठरलेली वाक्ये बोलून, चहा नको नको म्हणत घेऊन, निघून जात होते. हा कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. सर्व गेल्यावर त्याने खिशातून कागद काढला. त्यावर त्याने आईच्या पश्चात करावयाच्या कामांची यादी केली होती: मृत्यूचा दाखला आणि त्याच्या किती प्रती लागतील, शिधापत्रिकेतील नाव कमी करणे, कुटुंबनिवृत्तिवेतन बंद झाल्याची वर्दी कोषागाराला देणे, गावच्या सातबारावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, बँकेतील मुदतठेव. पुढील काही आठवड्यांत त्याने यांतील प्रत्येक काम, रजा काढून, कचेऱ्यांच्या रांगांत उभा राहून तडीस नेले. आणि ज्याला अनोळखी कारकुनाशी चार वाक्ये बोलण्यासाठी रात्रभर ती वाक्ये घोकावी लागत, त्याने हे केले, याचा अर्थ ज्यांनी त्याला जवळून पाहिले आहे त्यांनाच कळेल. माझ्या आईसाठी इतर कोणी केलेल्या शोकाची मला आज आठवणही नाही.

डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली असा विचार मांडला की, परस्परांचे मन न कळण्याचा दोष एका पक्षाच्या माथी मारणे तर्कदुष्ट आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे अंतरंग उमगत नसेल, तर इतरांनाही त्याचे उमगत नाही, मग यांपैकी एकालाच रोगी का ठरवावे? पुढे २०२० साली एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची एक साधी परीक्षा घेतली. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगावी, अशा आठ-आठ जणांच्या साखळ्या त्यांनी केल्या. काहींत सर्व ऑटिस्टिक, काहींत एकही नाही, आणि काहींत दोहोंची सरमिसळ. पहिल्या दोन प्रकारच्या साखळ्यांत गोष्ट सारख्याच प्रमाणात शाबूत राहिली; ती अधिक झपाट्याने झिजली ती सरमिसळीत. म्हणजे खोट दोन प्रकारच्या मनांच्या भेटीत होती, त्यांतील कोणा एकात नव्हती.

परंतु या भेटीचा संपूर्ण खर्च व्यवहारात एकाच पक्षाकडून वसूल केला जातो, आणि माझ्या मित्राच्या बाबतीत तो कसा केला गेला, हे मला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्याच्यापाशी एक वही होती. तीत लग्नात, बारशाला, बढतीच्या पेढ्यांच्या वेळी, वरिष्ठांनी विनोद केला असता, लिफ्टमध्ये कोणी भेटले असता काय बोलावे, किती वेळ हसावे, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे असह्य झाले तर भुवईवर दृष्टी कशी ठेवावी, याची टिपणे होती. ती त्याने लहानपणापासून जमविली होती आणि मुद्रितशोधकाच्या शिस्तीने वेळोवेळी दुरुस्त केली होती. नट प्रयोग संपल्यावर विंगेत जाऊन रंग पुसतो. याला विंगच नव्हती, कारण छापखान्यातून घरी आल्यावर घरच्यांसाठी दुसरा प्रवेश सुरू होत असे. त्यातच त्याच्या छापखान्यात खिळे जाऊन संगणक आला, लहान खोल्या पाडून एकच मोठे दालन झाले, डोक्यावरील नळदिव्यांचा गुणगुणाट, जो आपल्याला ऐकूही येत नाही, त्याला दिवसभर ऐकावा लागू लागला, आणि उत्सवाच्या दिवसांत रस्त्यावर भिंतींएवढे ध्वनिवर्धक आले. कोपऱ्यातील जुने टेबल तेवढे ठेवावे, असा त्याने एक अर्ज केला होता. सर्वांना सारखा नियम, असा शेरा मारून तो दप्तरदाखल करण्यात आला.

या कारणांनी तो गेला, असे मी म्हणत नाही. आत्महत्येला एक कारण नसते. अनेक धागे एकत्र पिळले जातात, त्यांतील काही कोणालाच दिसत नाहीत, आणि एखाद्याने हे धागे सुटे करून त्यांतील एकाला दोषी ठरविले तर त्याच्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवणार नाही. तथापि, जे आज मोजून ठाऊक आहे ते दडविण्यातही अर्थ नाही. इंग्लंडमध्ये साराह कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी, वय वाढल्यावर ॲस्परगर-लक्षणसमूहाचे निदान झालेल्या ३७४ प्रौढांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली. त्यांत शेकडा ६६ जणांच्या मनात आयुष्यात केव्हा ना केव्हा आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. स्वीडनमधील सत्तावीस हजारांहून अधिक ऑटिस्टिक व्यक्तींच्या नोंदींवरून २०१६ साली निघालेला निष्कर्ष असा होता की, त्यांच्यातील आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सातपटींहून अधिक आहे. कॅसिडी यांच्याच २०१८च्या अभ्यासात, इतरांसारखे दिसण्यासाठी स्वतःला झाकून घेण्याचा अखंड खटाटोप, आणि हवी असलेली मदत न मिळणे, या दोन गोष्टींचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला. म्हणजे धोका ऑटिझम या गोष्टीत जन्मतः भरलेला आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याचा मोठा वाटा आपण ज्या अटींवर त्या माणसाला आपल्यात राहू देतो त्या अटींत आहे, आणि अटी बदलता येतात. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या तक्त्यात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी २२,७४६, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातल्या होत्या. त्या तक्त्यात कौटुंबिक कलह, आजारपण, कर्ज, परीक्षेतील अपयश अशी सदरे आहेत; माझा मित्र कोणत्या सदरात गेला असेल ते मला ठाऊक नाही.

पंचनाम्यात तो कोणत्या शब्दांनी गेला, ते मात्र ठाऊक आहे. मयत इसम हा अबोल व एकलकोंड्या स्वभावाचा असून, सबब नैराश्यातून, असा त्यातील मजकूर होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातील चुका काढल्या त्याच्याविषयीचा शेवटचा सरकारी मजकूर असा चुकीचा निघावा, याचा मला इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक संताप आला होता, हे मी कबूल करतो. तो अबोल नव्हता. जोडाक्षरांच्या ठशांचा विषय काढला की दोन तास त्याच्यापुढे दुसऱ्याला तोंड उघडता येत नसे. लिहिणाऱ्या जमादाराचा यात दोष नव्हता. त्याने नातेवाइकांचे जबाब घेतले, कायद्याने जे लागते ते लिहिले, आणि मी दाराबाहेर उभा होतो. मित्राचा जबाब कोणी घेत नाही.

मित्राला व्यवहारात सुतकही नाही. दहा दिवस भावाला, तीन दिवस दूरच्या सोयऱ्याला. परंतु ज्याच्यापाशी मृताने घरच्यांनाही न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या, त्याने दुसऱ्या दिवशी दाढी करून कचेरीत हजर व्हावे, अशी अपेक्षा असते, आणि रजेच्या अर्जात लिहावयाला त्याच्यापाशी नाते नसते. अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा अधिकारशून्य शोकाविषयी ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी सांगितले ते खरे आहे, की ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही तो शोक ओसरण्याऐवजी साचून राहतो. आत्महत्येने गेलेल्याचा मित्र तर दुहेरी अनधिकारी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आत्मघातक्याची उदकक्रिया वर्ज्य केली आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७च्या संहितेतही, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफनविधी नाकारला होता, आणि तो निर्बंध १९८३च्या संहितेत गळून पडेपर्यंत गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्याही डोक्यावर त्याची टांगती तलवार होती.

पण आपले धर्मशास्त्रीय निबंधकार स्मृतिकारांहून अधिक संसारी होते, आणि मला त्यांच्याविषयी याच कारणाने आदर वाटतो. मूळचे पैठणच्या आणि पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली निर्णयसिंधु रचला, तेव्हा दुर्मरणाने गेलेल्यांसाठी नारायणबलीची वाट शास्त्रात रूढ झालेली होती. त्र्यंबकेश्वरी हा विधी आजही चालतो. भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या रकान्यात आपल्या पंचांगांत शस्त्रादिहत पितृश्राद्ध असे छापलेले असते, ते अपमृत्यूने गेलेल्यांना वर्षातून एक दिवस तरी हक्काचे पाणी मिळावे म्हणून. आणि महालयाच्या नामावळीत पितृमातृकुलांच्या मागोमाग गुरू, शिष्य यांच्याबरोबर सख्यालाही स्थान आहे. मी या विधींवर श्रद्धा ठेवणारा मनुष्य नाही. तथापि, ज्या परंपरेने एका हाताने दार लावले तिनेच दुसऱ्या हाताने खिडकी उघडी ठेवली, आणि तिच्यात मित्राचे नाव घेण्याची सोय केली, हे पाहून मला, शास्त्राने नव्हे, पण शास्त्र लिहिणाऱ्या माणसांनी, थोडा दिलासा दिला.

कायद्याची वाटचालही अशीच, पण अधिक मंद. १८६०च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. मुंबईच्या पोलीस दलातील मारुती श्रीपती डुबल नावाच्या एका शिपायाला रस्त्यावरील अपघातानंतर मानसिक आजार जडला, आणि त्या अवस्थेत त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. त्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या लेखणीने, १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसाच निर्णय दिला आणि १९९६ साली तो फिरविला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने असे गृहीत धरावयास सांगितले की, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली असतो, आणि त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा ते सरसकट कलमच वगळले गेले. कायद्याने सरसकट गुन्हा म्हणणे सोडले. पण वृत्तपत्रांत आणि बैठकीच्या खोलीत आपण अजून भ्याडपणा, पळपुटेपणा, हे शब्द वापरतोच.

आता एक प्रश्न, जो मागे राहिलेल्या प्रत्येकाला विचारला जातो: तुम्ही इतके जवळचे, तुम्हाला कळले कसे नाही? मी या प्रश्नाचे उत्तर देण्याचे नाकारतो, आणि या सभागृहात अशा शोकातून गेलेले कोणी असतील तर त्यांनीही ते नाकारावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. जे घडून गेले त्याच्या प्रकाशात मागचे प्रत्येक वाक्य सूचक वाटते. घडण्यापूर्वी ते नुसते वाक्य असते. परंतु जे अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत. ऑटिस्टिक माणसाचे दुःख चेहऱ्यावर आपल्या ओळखीच्या रूपाने उमटेलच असे नाही. तो अधिक शांत दिसेल, किंवा आवडीच्या विषयावर बोलणेच सोडून देईल, किंवा जेवणझोपेची घडी मोडेल. कसा आहेस, या प्रश्नाला, बरा आहे, हे उत्तर तो पाठ करून बसलेला असतो, कारण आपणच ते त्याला शिकविले आहे. म्हणून विचारावयाचे ते नेमके विचारावे: काल रात्री झोपलास का, जेवलास का, कामावरची कोणती गोष्ट असह्य होते आहे. आणि शंका आली तर, तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का, हेही सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, हा विषय बोलता येण्याजोगा आहे, हे त्याला प्रथमच कळते. हो असे उत्तर आले, तर त्याला एकटे सोडू नये, आणि डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जावे. नुसता पत्ता देऊन थांबू नये.

जे कोणी या क्षणी स्वतःच अशा विचारांशी झगडत येथे बसले असतील, त्यांना मी उपदेश करणार नाही. आपण गेलात तर लोक सुटला म्हणतील आणि विसरतील, असे आपल्याला वाटत असेल, तर ते तसे होत नाही, एवढे एका मित्राच्या अनुभवावरून सांगतो. आपल्या जाण्याने कोणाचेही ओझे हलके होणार नाही. आज रात्री कोणा एकाला सांगा. तोंडाने जमत नसेल तर लिहून द्या.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही विनाशुल्क सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६, ती अहोरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. पण अनोळखी माणसाशी दूरध्वनीवर बोलणे हेच ज्यांच्यासाठी सर्वांत कठीण काम आहे त्यांची अडचण एवढ्याने सुटत नाही. आणि म्हणून माझे मागणे आपल्यापाशी आहे. आपल्या कचेरीत, आपल्या आळीत, आपल्या घरात असा एखादा मनुष्य असेल, तर त्याने मागितलेले कोपऱ्यातील टेबल त्याला द्या, तो फोन उचलीत नसेल तर त्याला लेखी निरोप पाठवा, आणि गरज पडली तर तो क्रमांक त्याच्यासाठी तुम्ही फिरवा. सभेच्या चिटणीसांनी तो दाराशी फळ्यावर लिहून ठेवला आहे. जाताना उतरवून घ्यावा.